मोटारीची दगडवाली

आमच्या घरी मोटार होती, हे मी आजही अशा बेतानं सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, संग्रामपूरला आमची मोठी वतनदारी असावी. कोणी विचारलंच, "कोणती मोटार होती हो आजी?", तर मी नुसतं "निळी" म्हणते आणि चहाचा कप तोंडाला लावते. खरं म्हणजे ती निळी होती हेसुद्धा आम्हाला तिच्या पुढच्या दाराच्या आतल्या कडेवरूनच कळलं होतं. बाहेरून तिला रंग असा उरलाच नव्हता. माझे बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. खामगावच्या एका कापूस दलालाचे बैल त्यांनी बरे केले, आणि त्याच्या गोठ्यात बैलांशेजारी ही उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. भंगाराच्या भावात बाबांनी ती आणली. दलाल म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, जुनं लोखंड आहे, तुमच्या नातवाले पुरून उरन." बाबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. बाबा जनावरांच्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवत नसत, पण मोटारीच्या बाबतीत लहान पोरासारखे होते.

त्याला कारण होतं. माझ्या आज्याला, म्हणजे बाबांच्या बापाला, त्या काळी गावात कोणी आपल्या बैलगाडीत बसू देत नसे. ताप चढला तेव्हाही तो पायीच दवाखान्यात गेला. ही गोष्ट बाबांनी मला एकदाच सांगितली, कार्बोरेटर साफ करता करता, मान वर न करता. मग म्हणाले, "पाना दे." मी पाना दिला. त्या वयात मला त्यातलं काही समजलं नाही, माझं सगळं लक्ष माझ्या रिबिनींना ग्रीस लागू नये याच्याकडे.

रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आलं की मोटार सुरू व्हायची, म्हणजे सुरू करायला सुरुवात व्हायची. बाबा पुढून हँडल मारत. खर्र, खर्र, मग एक मोठा खोकला, मग शांतता. तोवर घरात मायचा तवा तापलेला असे, दशम्यांचा वास ओसरीपर्यंत येई, आणि खलबत्त्यात ठेचा कुटण्याचा आवाज व हँडलचा आवाज एका तालात चालत. गल्लीतली माणसं दातून करता करता येऊन उभी राहत. कोणी म्हणे, "कंपाउंडरसाहेब, हिले एक इंजेक्शन द्या ना जी." बाबा हसत नसत. मग सगळे मिळून ढकलत, ती धडधडत सुरू होई, आणि दहा घरांची कुत्री तिच्यामागं पळत येत.

बाबांचा नियम होता, की आपल्या मोटारीत रिकाम्या हातानं कोणी बसायचं नाही. प्रत्येकाला काम. मायकडं पाण्याची कॅन, कारण रेडिएटर गळका होता आणि थोड्या थोड्या वेळानं त्याला पाजावं लागे. आमची आत्याबाई, बाबांची थोरली विधवा बहीण, अंगानं भरभक्कम, तिच्याकडं डाव्या बाजूचं मागचं दार. ते बंद राहत नसे म्हणून दोरीनं बांधलेलं, आणि दोरीचं टोक आत्याबाईच्या मुठीत. वळण आलं की ती दोरी ताणून धरी आणि डोळे मिटून घेई. आणि माझ्याकडं दगड.

दगड असा तसा नव्हता. मायच्या फुटलेल्या पाट्याचा कोपरा होता, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं निमुळता, वर टाकीचे ठसे. मोटारीचा हँडब्रेक नुसता शोभेला होता. चढावर ती थांबायला आली की मी चालत्या मोटारीतून उडी मारायची, धावत जाऊन मागच्या चाकाला दगड लावायचा आणि "हाव", म्हणजे हो, लागला, असं ओरडायचं. मग बाबा ब्रेकवरचा पाय काढत. पुन्हा इंजिननं जोर धरला, की आवाज ऐकताक्षणी दगड उचलायचा, धावायचं, आणि उडी मारून आत बसायचं. या कामात मी इतकी तरबेज झाले होते की झोपेत कोणी इंजिन सुरू केलं असतं तरी मी उशी उचलून धावले असते. शाळेतल्या मैत्रिणींना मात्र मी सांगितलं होतं, की मोटारीत मी पुढं बसते आणि बाबा मला चालवायला शिकवून राह्यले. खिडकीवर कोपर टेकवून, वेणी पुढं घेऊन, मान जरा तिरपी करून मी बसायची. आरशात पाहून बसवलेली मान होती ती. मग टुनकीच्या चढावर मोटार थांबायची, आणि ही तिरपी मान, दोन रिबिनी आणि पाट्याचा तुकडा असं सगळं लटांबर बाजाराच्या माणसांसमोर रस्त्यावर उडी मारायचं. कोणीतरी हमखास म्हणायचं, "पाह्य, दगडवाली आली."

जुन्या गाड्या फार मजबूत होत्या, असं हल्ली ज्याला त्याला वाटतं. माझा जावईच म्हणतो, "काय लोखंड होतं हो तेव्हा." मी त्याला विचारते, "तुम्ही ढकललं का ते लोखंड?" माझी नात मयुरी नवी गाडी चालवते. तिला किल्लीसुद्धा भोकात घालावी लागत नाही, किल्ली पर्समध्ये आहे एवढं कळलं तरी गाडीला पुरतं. बटण दाबलं की सुरू. चढावर थांबवली तर आपली आपण थांबते, मागं येत नाही. मयुरीनं मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजे माही नोकरी गेली." ती म्हणाली, "आजी, तू शांत बस ना." खोटं कशाला बोलू, ही गाडी आजवर वाटेत एकदाच बंद पडली. पण ते एकदा कसं, तर शेगावला. जेवून आलो, गाडी दार उघडेना. पर्समधल्या किल्लीतला सेल गेला म्हणे. तो बदलला तर पडद्यावर एक पिवळं चित्र आलं आणि गाडीनं चाकं आवळून धरली. मयुरीनं फोन लावला. फोनवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, मॅडम, आप सुरक्षित स्थान पर हैं क्या. म्हटलं, सांग तिले, गजानन महाराजांच्या दारात आहे, अजून किती सुरक्षित पाह्यजे. आजूबाजूची पाचसहा माणसं बाह्या सरसावून ढकलायला आली. आपल्याकडची माणसं अजून तशीच आहेत. पण गाडी ढकलून घ्यायला तयार नाही. मी बॉनेट उघडायला गेले तर मयुरी ओरडली, "हात नको लावूस, वॉरंटी जाईल." शेवटी एक मोठा ट्रक आला आणि तिला अल्लाद उचलून घेऊन गेला. आम्ही रिक्षाच्या शोधात. म्हणजे हिशेब असा, की नवी गाडी बिघडत नाही, पण बिघडली की ती परक्याची होते. आमची रोजच बिघडायची, पण कुठं आणि कशी बिघडेल हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. तिच्या बिघडण्यावर भरवसा होता. मला दोन्हींतली एक निवडायला सांगितली तर मी मयुरीची घेईन. माझे गुडघे आता उडी मारण्यासारखे राहिलेले नाहीत.

पण सांगायचं होतं ते बुलढाण्याचं. मला डी.एड.ला जागा मिळण्यासारखी होती. मुलाखतीला बोलावणं आलं, दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, न येणाऱ्याची जागा पुढच्याला. त्या वर्षी जागा गेली असती तर माझं काय झालं असतं हेही ठरलेलं होतं. अकोल्याकडचं एक स्थळ मायच्या मनात भरलं होतं, मुलाला सरकारी नोकरी होती आणि बोलायची सवय नव्हती. माय म्हणायची, "शिकली तर शिकू द्या, नाही तर पोट्टीले उजवून टाकू." मी पहाटेच्या एसटीनं जाते म्हटलं. बाबा म्हणाले, "एसटीनं काऊन? आपल्या घरी मोटार आहे."

"बाबा, घाट आहे."

"मंग? मोटारीले पाय नाहीत काय?"

माय म्हणाली, "पाय आहेत. पर ते आपले आहेत."

बाबा हटले नाहीत. त्यांनी बहुतेक कितीतरी दिवस मनात ते चित्र रंगवून ठेवलं असावं, की कॉलेजच्या दारात मोटार उभी राहते, दार उघडतं आणि कंपाउंडर साहेबांची कमल खाली उतरते. ते म्हणाले, "माही पोरगी मोटारीतून उतरन. बास." झालं, पांढरी साडी नेसून, केसांना तेल चोपडून, मी मागच्या सीटवर बसले. पायाशी दगड. साडीला माती लागू नये म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला होता. दगडाला वर्तमानपत्र गुंडाळणारी मुलगी शिक्षिका व्हायला निघाली होती.

आमच्याकडचं जळगाव, नांदुरा, मोताळा, मोटार अशी गेली की माझाच विश्वास बसेना. आत्याबाई म्हणाली, "आज हिले काय झालं वं?" माय म्हणाली, "बोलू नका, आयकते ते मोटार." आणि राजूरचा घाट लागला. दोन वळणं ती गेली. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली, मोटारीनं एक उसासा टाकला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. माझी उडी केव्हाच पडली होती. दगड लावला, "हाव" म्हटलं, आणि मग मला आठवलं की आज मी पांढऱ्या साडीत आहे.

मागून एसटी आली. मोटार अशी आडवी, की तिला जाता येईना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग उतरून आला, मग कंडक्टर, मग अर्धी बस. सगळ्यांनी हात लावले आणि मोटार ढकलत डोंगराच्या अंगाला नेली. मी माझ्या कामानुसार दगड उचलून मागोमाग. माणसं मोटार धरून उभी, बाबा आत ब्रेकवर, आणि मी आता चाकाला दगड लावणार, इतक्यात कंडक्टर म्हणाला, "अकरा वाजून गेले ना बाप्पा. कोणाले बुलढाण्याले घाईनं जायाचं असन तर बसा."

माय म्हणाली, "हिले जायाचं आहे. मुलाखत आहे हिची."

"मोटार थंडी होईन आता," बाबा म्हणाले.

"मोटार थंडी होईन, आन पोरीची जागाही थंडी होईन."

बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवूनच माझ्याकडं पाहिलं. एवढ्या दुरून आणलेलं चित्र त्यांना घाटात सोडून द्यायचं होतं. म्हणाले, "जा. बस."

ड्रायव्हरनं एसटी सुरू केली. तिचं इंजिन असं दणक्यात धरलं, की माझ्या कानांनी पायांना परस्पर हुकूम दिला. इंजिननं जोर धरला, दगड हातात, धाव, उडी. मी धावले, उडी मारली, आणि बसमध्ये खिडकीपाशी जाऊन बसले. कोपर टेकवलं. मानही तिरपी केली बहुतेक. माझ्यामागून मोटार धरणारी सारी माणसं धावत आली आणि आपापल्या जागी बसली. बस वळणावरून वर निघाली.

कंडक्टर तिकीट घेऊन आला आणि माझ्या मांडीकडं पाहत राहिला. "बाई, हा धोंडा कोठी नेऊन राह्यल्या?"

मी खाली पाहिलं. वर्तमानपत्र फाटलं होतं, आतून पाट्याचा कोपरा दिसत होता.

मोटार धरणारी माणसं माझ्या मागच्या बाकड्यावर. दगड माझ्या मांडीवर. मग मोटार कोणाच्या भरवशावर? मी उभी राहिले. "गाडी थांबवा, माहे बाबा मांगं जातीन."

"घाटात थांबत नाही गाडी," कंडक्टर म्हणाला.

पलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं जवळ सरकून मायेनं सांगितलं, "पोरी, घोर नको करू. तिथं दरी काही लय खोल नाही."

दुसरा एक जण म्हणाला, "नाही कशी, चांगली खोल आहे. मांगच्या साली ट्रक गेलता." आणि मग दरी किती खोल आहे यावर बसमध्ये जे सुरू झालं ते बुलढाणा येईपर्यंत चाललं. मी दगड पोटाशी धरून बसले होते.

स्टँडवर उतरले. घाटाकडं परत जाणारी बस केव्हा, हे पुसलं, तर दोनला. पायी जावं तर घाट लांब. शेवटी कॉलेज जवळ होतं म्हणून तिथं गेले, तिथल्या एखाद्याला सायकलवर पाठवता येईल असं मनात. तर दारातच माझं नाव पुकारलं आणि शिपायानं मला धरून आत बसवलं.

टेबलामागं एक सर होते आणि एक बाई. बाई पुण्याकडच्या, चष्मा सोनेरी काडीचा, बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिक्षिका का व्हावंसं वाटतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर पाठ केलं होतं. त्यात राष्ट्र होतं, भावी पिढी होती, ज्ञानाचा दिवा होता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "दगड माह्याजवळ राह्यला."

"काय म्हणालात?"

मी दगड टेबलावर ठेवला. काचेखाली वेळापत्रक होतं, ती काच करकरली. सर खुर्ची मागं घेऊन उभे राहिले. मी सांगायला लागले, मोटार, हँडब्रेक, वाफ, एसटी, दरी, माय, आत्याबाईच्या मुठीतली दोरी, सगळं एका दमात. सर म्हणाले, "पण तुम्ही आता गेलात तर पुढच्या मुलीला बोलवावं लागेल. नियम आहे."

मी त्यांच्याकडं पाहिलं, मग दाराकडं. बाहेर बाकावर पुढची मुलगी बसली होती, छान कोरी साडी, हातात रुमाल, दगड वगैरे काही नाही. अकोल्याचा तो न बोलणारा मुलगाही डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. मी दगड उचलला. "बलवा तिले," म्हटलं, आणि निघाले.

फाटकापाशी पोचले आणि उतारावरून तो खोकला ऐकू आला. अख्ख्या जिल्ह्यात तसं खोकणारं दुसरं काही नव्हतं. मोटार आली, वाफ सोडत, आत बाबा, माय, आणि दोरी ताणून डोळे मिटलेली आत्याबाई. मी रस्त्यातच रडायला लागले.

बाबा घाबरून उतरले. "काय झालं वं? नापास केलं?"

"बाबा, दगड. दगड मी घेऊन आली. मंग तुम्ही चाकाले काय लावलं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग मायकडं. माय म्हणाली, "अवं येडे, घाट कशाचा असते?"

मागच्या सीटवर दगडांचा ढीग होता. एक चाकाला लावलेला, आणि उरलेले आत्याबाईनं निवडून आणलेले. ती म्हणाली, "लय चांगले दगड होते वं तिथं. चुलीले होतीन."

मी रडता रडता थांबले. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली, की आपल्याला वाटते तेवढी अक्कल आपल्याला नसावी. ती शंका पुढं वेळोवेळी खरी ठरत गेली.

"मुलाखत?" बाबांनी विचारलं.

"उठून आली मी."

बाबांनी माझ्या हातातला दगड काढून घेतला, मोटारीत ठेवला, आणि मला खांद्याला धरून कॉलेजात घेऊन गेले. मोठ्या साहेबांच्या खोलीत बाबा एरवी कधी आत शिरत नसत, दाराशी उभं राहून बोलत. त्या दिवशीही ते दाराशीच उभे राहिले. आत ती रुमालवाली मुलगी ज्ञानाच्या दिव्यापर्यंत पोचली होती. बाबा म्हणाले, "मॅडम, आम्ही पोचलो. सारे धड आहोत. आता हिचं ध्यान लागन, हिले पुसा."

सरांनी नियमाकडं, म्हणजे बाईंकडं पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला अजून थोडा अवकाश होता. त्या म्हणाल्या, "या, आधी यांचं होऊ द्या. मग तुम्ही. बसा."

माझी पाळी आली तेव्हा बाईंनी तोच प्रश्न विचारला. पाठ केलेलं उत्तर घाटातच कुठंतरी पडलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, शिक्षिकेले दगड उचला लागत नाही म्हणून."

बाई चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि सरांना म्हणाल्या, "लिहा हिचं नाव." पुढं कितीतरी वर्षं सत्तर पोरांचा वर्ग सांभाळताना मला त्या बाईंचा तो चष्मा आठवे.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, नाव लिहून घेतलं. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि अकोल्याचं स्थळ मनातल्या मनात मिटवून टाकलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आत्याबाई दशम्या सोडायला लागली. बाबा मात्र मोटारीशेजारी उभेच.

"बस," ते मला म्हणाले.

"घरी जायाचं? जेवण?"

"घरी नाही. बस."

मी बसले. त्यांनी मोटार ढकलत फाटकापासून जरा मागं नेली, माय आणि दोन-तीन उमेदवार मुली मदतीला. मग हँडल मारलं. आश्चर्य म्हणजे ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, तिलाही काहीतरी कळलं असावं. बाबा स्टिअरिंगमागं बसले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि फाटकातून आत येऊन मोटार थेट कॉलेजच्या पायऱ्यांपाशी उभी केली. तिथं थोडा चढ होता. माझा हात सवयीनं दगडाकडं गेला. बाबा मागं न पाहता म्हणाले, "तू राहू दे." स्वतः उतरले, दगड घेतला, चाकाला लावला, धूळ झटकली, आणि फिरून माझ्या बाजूला येऊन दार उघडलं.

मी उतरले. साडीला ग्रीस होतं, नाक लाल होतं, मान कुठल्याच बाजूला तिरपी नव्हती.

पायऱ्यांवर त्या बाई छत्री घेऊन घरी निघाल्या होत्या. त्या थांबल्या. मोटारीकडं पाहिलं, बाबांच्या वरपर्यंत लावलेल्या गुंडीकडं पाहिलं, आणि त्यांच्या त्या इस्त्रीच्या मराठीत, अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "या. आत्ताच आलात वाटतं?"

"हो मॅडम," बाबा म्हणाले. "आत्ताच येऊन राह्यलो."